जुना ड्वार्फ, नवा ड्वार्फ: २०१४ आणि २०२४ चे वंश एकमेकांशी कसे ताडायचे

रविवारी दुपारी नागपुरात धरमपेठेत कुणाच्या तरी हॉलमध्ये डीअँडडीचं, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाचं टेबल मांडलेलं असतं. एकाच्या हातात २०१४ चं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक), दुसऱ्याच्या हातात २०२४ चं. अशा टेबलावर पहिला वाद ठरलेला: "नव्या पुस्तकात ड्वार्फची पार वाट लावली बे." ड्वार्फ म्हणजे खेळातला एक बुटका, दणकट वंश; त्याची दोन्ही पानं शेजारी ठेवली तर तसं वाटतंही. जुन्या पानावर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२, डोंगरी ड्वार्फला वरून स्ट्रेंग्थ +२, शिवाय कुऱ्हाड-हातोडा चालवायचं शिक्षण. नव्या पानावर यातलं काही नाही. शिक्षण खरंच काढून टाकलंय, पण आकडे, म्हणजे पात्राच्या सहा क्षमतांना मिळणारी वाढ, कुठे गेले नाहीत. ते बॅकग्राउंडच्या (पात्राच्या पूर्वायुष्याच्या) पानावर जाऊन बसलेत. म्हणून वंशाचं पान वंशाच्या पानाशी लावून पाहिलं की उत्तर चुकतंच. ताडायचं ते अख्खं पात्र अख्ख्या पात्राशी: क्लास (पात्राचा पेशा) तोच, लेव्हल तीच, आणि दिवसातले आरामही तेवढेच.

पान कोणत्या सालचं आहे?

'जुनं' म्हणजे एकच गोष्ट नाही. मध्ये दोन थर आहेत आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. वंशाच्या वर्णनात किंवा त्या प्रकरणाच्या सुरुवातीला +२, +१ कसं लिहिलंय एवढं बघा. 'डेक्स्टेरिटी +२' (चपळाईला २ जास्त) असं नेमून दिलेलं असेल तर पान २०१४ च्या पद्धतीचं. 'कोणत्याही एका क्षमतेला +२ आणि दुसरीला +१, किंवा तीन क्षमतांना +१' असं मोकळं सोडलेलं असेल तर ते २०२२ च्या सुधारित वंशांचं. आकड्यांचा उल्लेखच नसेल तर २०२४ चं. राहिला २०२० चा थर. तेव्हा एक ऐच्छिक नियम आला होता: जुन्या वंशाचे नेमून दिलेले आकडे हव्या त्या रकान्यात हलवायचे. हा नियम वंशाच्या पानावर दिसत नाही, कॅरॅक्टर शीटवर दिसतो. डोंगरी ड्वार्फ विझार्ड (जादूगार) असून इंटेलिजन्सला +२ घेतलेलं दिसलं तर तो नियम वापरलाय असं समजा.

पुस्तकं विकत घेतलेली नसली तरी तुलनेला सुरुवात करता येते. एसआरडी ५.१ (२०१४ चे नियम) आणि ५.२ (२०२४ चे) हे नियमांचे संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. हवी ती पानं निवडून बर्डीवरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बिनधास्त छापून घ्या. मर्यादा तेवढी लक्षात ठेवा. ५.१ मध्ये प्रत्येक वंशाचा जास्तीत जास्त एकच उपवंश आहे (ड्वार्फमध्ये फक्त डोंगरउतारावरचा, म्हणजे हिल ड्वार्फ), तर ५.२ मध्ये नऊ वंश असले तरी बॅकग्राउंड चारच आहेत: अ‍ॅकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. पूर्ण २०२४ च्या पुस्तकात वंश १० आणि बॅकग्राउंड १६.

दोन शब्दांची आधीच सोय लावा

२०२४ च्या पुस्तकाने 'रेस' हा शब्द टाकून 'स्पीशीज' घेतला. मराठीत दोन्हींसाठी 'वंश' चालतो. 'जात' म्हणू नका. टेबलावर भलताच विषय निघतो आणि गेम राहतो बाजूला.

दुसरा घोळ ऐकायला गमतीचा आहे, पण शीट बिघडवतो.

"अबे, माझी फीट लिहायची राहिली."
"तीस फीट आहे न, लिहिलेली तर आहे."

पहिला बोलतोय पात्राला मिळणाऱ्या खास कौशल्याबद्दल, दुसरा चालीच्या अंतराबद्दल. अंतराला कायम 'फूट' म्हणा, नाहीतर सरळ 'चौकोन' म्हणा. मॅटवर एक चौकोन म्हणजे ५ फूट. 'फीट' हा शब्द कौशल्यासाठी राखून ठेवा.

कागद

ए-फोर कागद उभा धरून मधोमध घडी घाला. डावीकडे जुनं पात्र, उजवीकडे नवं. पेन दोन रंगांची घ्या: वंशाकडून आलेलं सगळं निळ्याने, बॅकग्राउंडकडून आलेलं लालने. एवढी एकच युक्ती पाळली तरी निम्मे वाद मिटतात, कारण नव्या बाजूला जे भारी दिसतं त्यातलं किती लाल आहे ते लगेच डोळ्यांत भरतं.

दोन्ही बाजूंना एकाच क्रमाने लिहा: सहा आकडे, मग चाल आणि अंधारातली नजर, मग कायम चालू असणाऱ्या गोष्टी (विषाला प्रतिकार वगैरे), मग मोजून वापरायच्या गोष्टी, आणि शेवटी शिकलेल्या गोष्टी. मोजून वापरायच्या गोष्टीपुढे दोन आकडे हवेतच: दिवसातून किती वेळा, आणि परत कधी मिळते, शॉर्ट रेस्टला (छोट्या आरामाला) की लाँग रेस्टला (रात्रभराच्या आरामाला).

आता एक ड्वार्फ क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा पुजारी) लेव्हल १ ला बनवू. आकडे नेहमीच्याच संचातले, १५, १४, १३, १२, १०, ८. विज्डम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ १३, करिझ्मा १२, डेक्स्टेरिटी १०, इंटेलिजन्स ८.

डाव्या बाजूला हिल ड्वार्फ: कॉन्स्टिट्यूशन +२ म्हणजे १६, विज्डम +१ म्हणजे १६. क्लेरिकचे ८ एचपी (किती मार झेलता येतो तो आकडा), कॉन्स्टिट्यूशन १६ चा मॉडिफायर (त्या आकड्यावरून निघणारा बोनस) ३, आणि हिल ड्वार्फला दर लेव्हलला मिळणारा १. एकूण १२.

उजव्या बाजूला ड्वार्फ, आणि बॅकग्राउंड जुन्या सवयीने अ‍ॅकोलाइट (देवळातला सेवक), कारण क्लेरिक आहे. इथेच पाय घसरतो. अ‍ॅकोलाइटचे आकडे इंटेलिजन्स, विज्डम आणि करिझ्मा यांतच टाकता येतात, कॉन्स्टिट्यूशन त्या यादीत नाही. विज्डम +२ घेऊन १७ झालं, करिझ्मा १३, कॉन्स्टिट्यूशन १४ वरच अडकलं. एचपी ८ + २ + १ = ११. "पाहिलंस, कमजोर केला." थांबा, बॅकग्राउंड बदलून बघा. फार्मर घ्या: स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, विज्डम. कॉन्स्टिट्यूशन +२, विज्डम +१, म्हणजे १६ आणि १६, आकडे जुन्या ड्वार्फशी तंतोतंत जुळले. वर फार्मरसोबत टफ ही फीट येते, दर लेव्हलला २ एचपी. आता ८ + ३ + १ + २ = १४. लेव्हल ५ ला हेच पुढे नेलं (क्लेरिकला दर लेव्हलला ठराविक ५ धरून) तर जुना ४८ वर, नवा ५८ वर.

हे वाढलेले १० एचपी ड्वार्फने दिलेले नाहीत, शेतकऱ्याने दिलेत. कागदावर ते लाल शाईत दिसतील. हाच शेतकरी एखाद्या एल्फला जोडला तरी १० मिळतीलच. तेव्हा 'नवा ड्वार्फ जुन्यापेक्षा दणकट' असं म्हणायच्या आधी लाल आकडे बाजूला काढा. मग ड्वार्फचा खरा हिशोब उरतो: चाल २५ वरून ३० फूट, म्हणजे पाचऐवजी सहा चौकोन. अंधारातली नजर ६० वरून १२० फूट. विषाला प्रतिकार होता तसाच. दर लेव्हलचा १ एचपी आता सगळ्याच ड्वार्फना, कारण डोंगर आणि उतार हा भेद संपला. आणि स्टोनकनिंग पार बदललं. पूर्वी ते दगडी बांधकामाबद्दल हिस्ट्रीचा फासा टाकताना दुप्पट प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनुसार वाढणारा सरावाचा आकडा) द्यायचं आणि पाचसहा सेशन कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता बोनस अ‍ॅक्शन (फेरीतली जादाची छोटी कृती) घेतली की १० मिनिटं ६० फुटांपर्यंतच्या जमिनीतल्या हालचाली जाणवतात, दिवसातून प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा. अट दोनच: पाय किंवा हात दगडाला टेकलेला हवा, आणि समोरचा जमिनीवर हवा. उडणारं वटवाघूळ यातून सुटतं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) भुयार आखताना हे मनात ठेवावं, नाहीतर दाराआडच्या गोब्लिनांची सगळी गंमत पहिल्याच फेरीत उघडी पडते.

गमावलं काय? डोंगरी ड्वार्फचं हलक्या आणि मध्यम चिलखताचं शिक्षण. विझार्ड असून हाफ-प्लेट घालून फिरणारे जुने ड्वार्फ त्याच्यावरच चालायचे. तुमच्या टेबलावर तसा कुणी असेल तर नव्या नियमांत त्याचं चिलखत उतरतं, आणि ही गोष्ट आधी सांगितलेली बरी.

मोजून वापरायच्या गोष्टी: ड्रॅगनबॉर्न

ड्रॅगनबॉर्नचा (ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या वंशाचा) फुत्कार ताडताना नुसते फासे बघितले तर सगळं उलटंच दिसतं. जुना फुत्कार लेव्हल १ ला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे), सरासरी ७. नवा १डी१०, सरासरी साडेपाच. म्हणजे नवा हलका? आराम मोजा. जुना दर शॉर्ट किंवा लाँग रेस्टला एकदा. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळत असतील तर तीन वेळा, एकूण २१; डीएम शॉर्ट रेस्ट देतच नसेल तर एकदाच, ७. नवा प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा, आणि परत मिळतो फक्त लाँग रेस्टला: लेव्हल १ ला दोन वेळा, ११. म्हणजे लेव्हल १ ला कोण भारी हे तुमचा डीएम विश्रांती किती देतो त्यावर ठरतं.

लेव्हल ५ ला चित्र पालटतं. जुना अजून २डी६ वरच असतो, त्याचे फासे ६, ११ आणि १६ ला वाढतात. नवा ५, ११ आणि १७ ला वाढतो, म्हणजे ५ ला २डी१०, सरासरी ११, आणि बोनस ३ असल्यामुळे दिवसातून तीनदा. पण खरा फरक याहून मोठा आहे. जुना फुत्कार अख्खी अ‍ॅक्शन खायचा. नवा अटॅक अ‍ॅक्शनमधल्या एका वाराच्या जागी बसतो. लेव्हल ५ च्या फायटरला दोन वार असतात, तर एकाच्या जागी फुत्कार आणि उरलेला तलवारीचा. स्ट्रेंग्थ १८ धरून लाँगसोर्डचा एक वार १डी८ + ४, सरासरी साडेआठ. शंकूत दोन शत्रू सापडले आणि दोघांचे सेव्ह (बचावाचे फासे) चुकले तर जुन्या फेरीत १४, नव्यात २२ आणि वार लागला तर वर साडेआठ. विझार्डच्या बाबतीत हा फायदा जवळपास शून्य, कारण तो अटॅक अ‍ॅक्शन घेतच नाही. तोच वंश, पण क्लास बदलला की निकाल बदलतो.

आकारही मोकळा झाला. पूर्वी काळा, निळा, पितळी, कांस्य आणि तांबट या पाच रंगांना रेघ, बाकीच्यांना शंकू, असं ठरलेलं होतं. आता दर वेळी १५ फुटांचा शंकू की ३० फुटांची रेघ ते तुम्ही ठरवता. पूर्वी काही रंगांना समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह द्यायचा. आता सगळ्यांना डेक्स्टेरिटीचा. जुन्या कॅरॅक्टर शीटवरून नकल करताना हा रकाना हमखास चुकतो. अंधारातली ६० फुटांची नजर आता मिळते, पूर्वी नव्हतीच. आणि लेव्हल ५ पासून लाँग रेस्टगणिक एकदा १० मिनिटं उडता येतं. बंद भुयारात त्याचा काय उपयोग हा प्रश्न डीएमलाच विचारा.

बाकीचे, भरभर

हाफलिंग आणि नोम यांचीही चाल ३० झाली. हाफलिंगमधला विषाला तोंड देणारा स्टाउट गेला, लपून बसायची सवय मात्र आता सगळ्या हाफलिंगांना. नोमच्या चलाखीतून 'जादूविरुद्ध' ही अट काढली, त्यामुळे इंटेलिजन्स, विज्डम, करिझ्माच्या प्रत्येक सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. एका शब्दाचा बदल, पण भीती घालणाऱ्या राक्षसांसमोर त्याची किंमत कळते.

एल्फमध्ये शस्त्रांचं शिक्षण गेलं, लेव्हल ३ आणि ५ ची जादू सगळ्याच शाखांना आली. पूर्वी हाय एल्फने एकदा घेतलेली विझार्डची कँट्रिप (हव्या तितक्या वेळा करता येणारी छोटी जादू) जन्मभराची असायची; आता ती दर लाँग रेस्टनंतर बदलता येते. ड्रोची (अंधारात राहणाऱ्या एल्फांची) उन्हातली कमजोरी संपली. पूर्वी थेट उन्हात वार आणि नजरेवरचे पर्सेप्शन फासे डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोनांतला लहान आकडा धरून) टाकावे लागायचे, म्हणजे मे महिन्यात झिरो माइलला उभ्या केलेल्या ड्रोने घरीच बसावं अशी गत. टीफ्लिंगला (सैतानी रक्ताच्या वंशाला) तीन वारसे मिळाले. जादू आता करिझ्माऐवजी इंटेलिजन्स किंवा विज्डमवरही चालवता येते, म्हणून टीफ्लिंग विझार्ड आता ओढूनताणून बनवावा लागत नाही. गोलायथ आणि आसिमार पूर्वी दुसऱ्या पुस्तकांत होते, ते मुख्य पुस्तकात आले.

जे पानावर उरलेच नाहीत

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क २०२४ च्या यादीत नाहीत. हाफ-ऑर्कवाल्याला ऑर्क घ्यायला सांगा. मरता मरता १ एचपीवर टिकून राहण्याची ताकद तशीच आहे, नजर ६० वरून १२० झाली, आणि बोनस अ‍ॅक्शनने धावत जाताना थोडे तात्पुरते एचपी मिळतात. क्रिटिकलवर (फाशावर २० पडून बसलेल्या वारावर) मिळणारा जादा फासा गेला. दोन हातांची मोठी कुऱ्हाड घेतलेल्या बार्बेरियनला तो आठवत राहील.

हाफ-एल्फचं दुखणं वेगळं. त्याची खरी ताकद आकड्यांत होती: करिझ्माला २ आणि आणखी दोघांना १-१, म्हणजे एकूण ४, इतर बहुतेकांना ३ असताना. जुना वंश नव्या नियमांत वापरताना त्याचे आकडे सोडून द्यायचे असा २०२४ च्या पुस्तकाचाच नियम आहे. मग हाफ-एल्फकडे उरतात दोन स्किल, अंधारातली नजर आणि मोहिनीपासून बचाव. वाईट नाही, पण पूर्वीचा दरारा गेला. खेळाडू 'माझे ४ दे' म्हणून हटून बसेल. देऊ नका, बॅकग्राउंडचे ३ सगळ्यांना सारखेच.

जुन्या 'व्हेरिएंट' मानवाला जपूनच आत घ्या. त्याला पहिल्याच लेव्हलला कुठलीही फीट घेता यायची. ग्रेट वेपन मास्टर घेऊन फासा ५ ने कमी आणि मार १० ने जास्त, हा सौदा लेव्हल १ पासून चालायचा. २०२४ मध्ये ती फीट लेव्हल ४ च्या आधी मिळत नाही आणि तो सौदाही राहिलेला नाही. नव्या मानवाला ओरिजिन गटातलीच (लेव्हल १ साठीची) फीट मिळते, शिवाय एक स्किल आणि दर लाँग रेस्टला हिरोइक इन्स्पिरेशन (एक फासा परत टाकायची मुभा). जुना मानव नव्या टेबलावर बसवायचाच तर फीट ओरिजिन गटातलीच घ्यायची, हे सेशनच्या आधीच सांगून टाका.

चालू कॅम्पेनमध्ये बदलताना

बदल लेव्हल वाढताना करा, लढाईच्या मध्ये नाही. खोडायच्या क्रमाला महत्त्व आहे. आधी शीटवरून जुन्या वंशाचे सगळे आकडे वजा करून मूळ सहा आकडे परत काढा. त्यातून लेव्हल वाढताना मिळालेले आकडे वेगळे लिहून ठेवा. मग बॅकग्राउंडचे ३ टाका, पण कुठलाही आकडा २० च्या पुढे जाणार नाही हे बघा. मगच मॉडिफायर, आणि सगळ्यात शेवटी एचपी. कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर एकाने हलला तर एचपी लेव्हलइतके हलतात: लेव्हल ७ ला ७ चा फरक, आणि तो मागच्या सगळ्या लेव्हलना लागतो. लोक शेवटच्या लेव्हलचाच १ बदलतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दुहेरी मोजणी: जुन्या वंशाचे +२/+१ तसेच ठेवून वर नव्या बॅकग्राउंडचे ३. लेव्हल १ च्या पात्रात एखादा आकडा १७ च्या वर दिसला तर नेहमीच्या संचातून ते शक्यच नाही (१५ + २ = १७), तिथेच पकडा. उलटी चूक कमी दिसते, पण जास्त त्रास देते: जुन्याच नियमांच्या कॅम्पेनमध्ये कुणी नवा गोलायथ आणतो. नव्या वंशात आकडे नाहीत, जुन्या बॅकग्राउंडमध्येही नाहीत. पात्र ३ आकड्यांनी आणि एका फीटने उघडं पडतं. त्याला +२/+१ देऊन टाका. फीट द्यायची तर मग टेबलावरच्या सगळ्यांना द्या. नव्या नियमांत जुनं बॅकग्राउंड वापरायचं असेल तर पुस्तकात सोय आहेच: हवे तिथे +२/+१ किंवा तीन वेळा +१, आणि आवडीची एक ओरिजिन फीट. सोळांपैकी एकही बसत नसेल तर डीएमसाठीच्या २०२४ च्या पुस्तकात स्वतः बॅकग्राउंड रचायची पद्धत दिलेली आहे.

मॅटवर सोंगट्या मांडायच्या आधी एकदा सगळ्यांची चाल मोठ्याने वाचून घ्या. मिनिएचरऐवजी कॅरमच्या सोंगट्या वापरत असाल तर खाली चाल चौकोनांत लिहून चिकटवा. ड्वार्फ, नोम, हाफलिंग यांच्या सोंगट्यांखाली '५' चं '६' करायचं राहून जातं आणि तीन सेशननंतर कुणालातरी कळतं की आपण उगाच मागे पडत होतो. शीटच्या वरच्या कोपऱ्यात '१४' किंवा '२४' एवढंच पेनने लिहा. पेन्सिलने नको, आणि कूलरसमोर बसणाऱ्याने शीटवर फाशांची पिशवी ठेवावी.